आधी कॉपी, मग दुरुस्ती: हार्ड डिस्कविषयी वाचकांच्या शंका

ठाणे आणि नवी मुंबईतून आलेली हार्ड डिस्कविषयीची पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रं लांब होती, इथे मुद्द्यापुरती दिली आहेत.

प्रश्न: घरचा डेस्कटॉप सात-आठ वर्षांचा आहे. 1 टीबीची हार्ड डिस्क, विंडोज 10. हल्ली सुरू व्हायलाच दहा मिनिटं घेतो, फोल्डर उघडला की वरची हिरवी पट्टी नुसती सरकत राहते आणि सोसायटीच्या हिशेबाची एक एक्सेल फाइल उघडतच नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात ‘कॉशन’ दिसतं. 05 समोर 18 आणि सी5 समोर 1सी8 असे आकडे आहेत. कॉम्प्युटरवाला म्हणतो, चेकडिस्क चालवू, नाहीच जमलं तर फॉरमॅट मारू. करू द्यावं का? (पाचपाखाडी, ठाणे)

उत्तर: दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

आधी आकडे नीट वाचू. क्रिस्टलडिस्कइन्फो शेवटचा रकाना हेक्स (सोळाच्या पटीतल्या) पद्धतीत दाखवतो, त्यामुळे तुमचे 18 म्हणजे 24 आणि 1सी8 म्हणजे 456. फंक्शन मेन्यूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन हे आकडे नेहमीच्या दशमान पद्धतीत करून घेता येतात. 05 म्हणजे डिस्कने कायमचे बाद करून ज्यांच्या जागी राखीव लावले, अशा सेक्टरची (डेटा साठवायच्या छोट्या कप्प्यांची) संख्या. नुसते 24 असते आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहिले असते, तर डिस्कवर लक्ष ठेवा एवढंच आम्ही म्हटलं असतं. खरी गोम सी5मध्ये आहे. तिथे मोजलेले सेक्टर वाचताना डिस्कला यश आलं नाही, पण तिने ते बादही केले नाहीत. बाद करावेत तर आतला मजकूर कायमचा गेला, म्हणून ती ताटकळत ठेवते. कधीतरी वाचला गेला तर ठीक, किंवा त्यावर नवं काही लिहायची वेळ आली तर तेव्हा निकाल लावायचा. अशा प्रत्येक जागेपाशी ती पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, त्यात अनेक सेकंद जातात आणि तेवढा वेळ विंडोज गप्प बसतं. तुमचा कॉम्प्युटर हँग होतो तो यामुळे, व्हायरसमुळे नाही. 456 जागा एकूण डेटाच्या मानाने नगण्य आहेत, पण एक्सेलची फाइल आतून झिप असते. तिच्यातला एक तुकडा वाचता आला नाही तरी अख्खी फाइल उघडायला नकार देते.

आता चेकडिस्क, म्हणजे विंडोजमधलं डिस्क तपासायचं साधन. तिचा ‘आर’ पर्याय डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर वाचत जातो. म्हणजे जे हेड (डिस्कची वाचायची सुई) आधीच अडखळतंय त्याला अख्ख्या 1 टीबीची फेरी मारायला लावायची, आणि तीही तुमची एकही फाइल सुरक्षित जागी न हलवता. वर वाटेत फाइल सिस्टिमच्या (कुठली फाइल कुठे आहे याच्या) नोंदी त्याच डिस्कवर बदलल्या जातात. फोल्डरची नोंद वाचता आली नाही तर त्यातल्या फाइली ‘फाउंड.000’ नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतात, मूळ नावं जातात आणि उरतात ती ‘फाइल0000.सीएचके’सारखी बिननावाची गाठोडी. चेकडिस्क वाईट नाही. ती फाइल सिस्टिम सरळ करायला आहे, डेटा वाचवायला नाही. फॉरमॅटबद्दल तर बोलायलाच नको.

तेव्हा कॉम्प्युटर बंद करा. त्या डिस्कवरून विंडोज चालू करणं थांबवा, कारण विंडोज चालू असताना पेजफाइल, इंडेक्सिंग, अँटिव्हायरस सगळे तिच्यावर सतत लिहित-वाचत असतात. नवी डिस्क आणा. पूर्ण नक्कल काढायची असेल तर नवी डिस्क जुनीपेक्षा एका बाइटनेही लहान चालत नाही. 1 टीबीच्या डिस्क साधारणपणे 1,000,204,886,016 बाइटच्या असतात, म्हणून स्वस्त मिळाली म्हणून 960 जीबीची एसएसडी घेऊन आलात तर ती फुकट जाईल.

तुमच्या कामाचं सगळं मिळून दहा-वीस जीबीच असेल, तर आधी तेवढंच उचला. जुनी डिस्क दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरला सेकंड डिस्क म्हणून, मदरबोर्डला थेट जोडणाऱ्या सॅटा केबलने लावा (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायच्या डॉकपेक्षा सॅटा बरी, खराब सेक्टर आला की पुष्कळ डॉक जागीच गारठतात). कॉपी करताना माउसने ओढून टाकू नका. एका फाइलपाशी अडलं की एक्सप्लोरर तिथेच थांबतो. विंडोजमधली रोबोकॉपी वापरा, पण तिचे ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही पर्याय 0 द्या. न दिल्यास तिची मूळ सेटिंग अशी आहे की अडलेली फाइल 10 लाख वेळा, दर 30 सेकंदांनी पुन्हा वाचायची. आजारी डिस्कला हा शुद्ध छळ आहे. क्रम असा लावा: सोसायटीचे हिशेब, टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, फोटो, मग बाकीचं. जुन्या श्रीलिपी फाँटमधल्या फाइली असतील तर ते फाँटही विंडोजच्या फाँट्स फोल्डरमधून उचला, नाहीतर नव्या मशीनवर मजकूर उघडेल पण वाचता येणार नाही. चित्रपट आणि सेटअप फाइली सोडून द्या.

सगळीच डिस्क वाचवायची असेल तर डीडीरेस्क्यू हे खराब डिस्कची नक्कल काढणारं साधन. ते ज्यात असतं ती सिस्टिमरेस्क्यू नावाची मोफत लिनक्स सिस्टिम रूफस या सॉफ्टवेअरने पेन ड्राइव्हवर लिहा आणि त्यावरून कॉम्प्युटर सुरू करा. बूट मेन्यूची कळ बोर्डानुसार एफ8, एफ11 किंवा एफ12 असते. सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सेटिंग) तेवढ्यापुरतं बंद करावं लागेल. डिस्कवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याआधी 48 आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर नक्कल शंभर टक्के झाली तरी कुलूपबंदच राहील.

डीडीरेस्क्यूच्या आज्ञेत आधी पर्याय येतात, मग जिच्यातून वाचायचं ती डिस्क, मग जिच्यावर लिहायचं ती, आणि शेवटी मॅप फाइलचं (कुठवर वाचलं याच्या नोंदीचं) नाव. मधल्या दोघींची अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कची नक्कल जुन्या डिस्कवर होते आणि खेळ तिथेच संपतो. आधी एलएसबीएलके ही आज्ञा देऊन दोन्हींचे मॉडेल आणि सिरियल नंबर पाहा, डिस्कवरच्या लेबलशी ताडून घ्या, मगच एंटर दाबा. दोन्ही 1 टीबीच्या असतील तर नुसत्या आकारावर भरवसा ठेवू नका. मॅप फाइल एका वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. सिस्टिमरेस्क्यू रॅममध्ये चालते, रीस्टार्ट झालं की तिथलं सगळं पुसलं जातं. मॅप शाबूत असेल तर वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू होतं.

पहिल्या फेरीत ‘एफ’ आणि ‘एन’ हे पर्याय द्या. ‘एफ’ म्हणजे समोरच्या डिस्कवर लिहायची परवानगी. ‘एन’ दिलं की खराब भाग खरवडत बसायचं काम पुढे ढकललं जातं, आणि सहज मिळतंय ते आधी हाती लागतं. सेकंदाला 100 एमबीचा वेग धरला तर धडधाकट 1 टीबी डिस्कला पावणेतीन तास लागतात. तुमच्या डिस्कला अख्खी रात्र लागली तर नवल नाही. कॅबिनेटची बाजू उघडी ठेवून टेबल फॅन लावा, तापमान 45 अंशांच्या आत राहिलं पाहिजे. दुसऱ्या फेरीत ‘एन’ काढून ‘डी’ आणि ‘आर3’ द्या, म्हणजे उरलेल्या जागा तीनदा वाचून पाहिल्या जातील. वेग केबीवर उतरला आणि डिस्कमधून टकटक यायला लागली की थांबा. त्यापुढे मिळणाऱ्या चार फाइलींसाठी हेड गमावण्यात अर्थ नाही.

नक्कल झाली की जुनी डिस्क काढून ठेवा. दोघींची ओळख-सही एकच असते, त्यामुळे दोन्ही लावून विंडोज सुरू केलं तर गोंधळ होतो. आता हवी तितकी चेकडिस्क चालवा, पण नक्कलीवर. विंडोज 10चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे, तेव्हा जुनी सिस्टिम जशीच्या तशी चालवण्यापेक्षा नव्या एसएसडीवर विंडोज नव्याने टाकून फक्त फाइली परत आणाव्यात, असं आमचं मत.

प्रश्न: सी7 समोर दोन हजारांच्या वर आकडा आहे आणि रोज वाढतोय. 05, सी5 आणि सी6 (वाचताच न आलेले सेक्टर) तिन्ही शून्य. मध्येच डी ड्राइव्ह गायब होतो. नवी डिस्क घ्यायची तयारी केली आहे. (ऐरोली)

उत्तर: थांबा, पैसे वाचतील. सी7 हा डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर बिघडलेल्या संदेशांचा हिशेब आहे, डेटा साठवणाऱ्या आतल्या तबकड्यांचा नाही. कॉम्प्युटरचा प्लग काढून सॅटाची सात पिनची चपटी डेटा केबल बदला. नवी घेताना क्लिपवाली घ्या आणि ती तीव्र कोनात दुमडू नका. शक्य असेल तर मदरबोर्डवरचं पोर्टही बदला. खाडीकाठच्या दमट हवेत संपर्काच्या पट्ट्यांवर थर चढतो, तेव्हा पंधरा पिनचा पॉवर कनेक्टरही दोन-तीनदा काढून घाला. सी7चा आकडा कधीच खाली येत नाही. तो आहे तिथे थांबला की दुरुस्ती झाली समजा. तरी बॅकअप घ्याच. डी ड्राइव्ह लिहिता लिहिता गायब झाला तर त्या क्षणी उघडी असलेली फाइल बिघडू शकते.

प्रश्न: डिस्क चालू केली की टक्‌-टक्‌ असा ठरावीक आवाज येतो आणि थोड्या वेळाने ती बंद पडते. कॉम्प्युटर सुरू होतानाच्या बायोसमध्ये डिस्कचं नाव येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवली तर एकदा चालते, असं सगळे सांगतात. लग्नाचे आणि नातीच्या बारशाचे फोटो फक्त त्यात आहेत. (नेरूळ)

उत्तर: फ्रीझर अजिबात नको. डिस्क हवाबंद नसते. दाब समान राहावा म्हणून तिच्या झाकणावर गाळणी लावलेलं एक बारीक भोक असतं (8 टीबीच्या पुढच्या पुष्कळ डिस्क हीलियम भरून सीलबंद असतात, ती गोष्ट वेगळी). गार झालेली डिस्क आपल्याकडच्या हवेत बाहेर काढली की आत दव धरतं, आणि पाण्याच्या थेंबावरून हेड फिरलं तर तबकडी खरवडली जाते. हा उपाय जुन्या काळच्या अडकलेल्या बेअरिंगसाठी कधीमधी लागू पडला असेल. टकटकीवर तो इलाज नाही.

टकटक म्हणजे हेड आपली जागा शोधायला जातं, खूण सापडत नाही, परत मागे येऊन पुन्हा निघतं. हेड खराब असू शकतं, तबकडीवरच्या खुणा गेल्या असू शकतात. पण एक साधं कारण आधी तपासून घ्या: वीज कमी पडली तरी असाच आवाज येतो. डिस्क दुसऱ्या चांगल्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर), दुसऱ्या केबलने, फक्त एकदाच लावून पाहा. नावासकट दिसली तर तुमचा एसएमपीएस दोषी. लगेच फोटो उतरवा. पुन्हा टकटक आली तर दहा सेकंदांत बंद करा आणि मग पुन्हा हात लावू नका. प्रत्येक चालू करण्यागणिक घसरलेलं हेड तबकडीवर आणखी ओरखडे काढतं, आणि ओरखड्यातला फोटो कोणतीही लॅब परत आणू शकत नाही.

पुढचं काम क्लीन रूमचं (धूळ नसलेल्या खोलीतलं) आहे: त्याच मॉडेलची दुसरी डिस्क आणून तिचं हेड बसवायचं आणि मग नक्कल काढायची. खर्च काही हजारांपासून पाच आकड्यांपर्यंत सहज जातो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा किंवा ठाण्यात कुणाकडे द्या, ताबा देण्यापूर्वी लेखी घ्यायच्या गोष्टी अशा: तपासणीचे पैसे किती, डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे, दात्या डिस्कचा खर्च कुणाचा, आणि पैसे भरण्याआधी मिळालेल्या फाइलींची यादी पाहायला मिळेल का. ‘इथेच उघडून बघतो’ म्हणत काउंटरवर झाकणाचे स्क्रू सोडवणाऱ्याकडून डिस्क परत घेऊन बाहेर पडा. वॉरंटी शिल्लक असेल तर बदली डिस्क मिळते, डेटा कंपनीच्या वॉरंटीत येत नाही. तेव्हा फोटो हवे असतील तर वॉरंटीचा मोह धरू नका.

प्रश्न: 3.5 इंची एक्स्टर्नल डिस्कला चुकून लॅपटॉपचा 19 व्होल्टचा अडॅप्टर लागला. आता मूळ 12 व्होल्टचा लावला तरी काहीच होत नाही, फिरण्याचा आवाजही नाही. (घणसोली)

उत्तर: या पानावरच्या सगळ्या केसमध्ये डेटा मिळण्याची आशा इथे सर्वांत जास्त आहे. आधी डिस्क खोक्यातून काढा. बऱ्याचदा फक्त खोक्यातलं सॅटा-यूएसबी कार्ड जळलेलं असतं. आतली डिस्क थेट डेस्कटॉपला लावा. कॉम्प्युटर चालू झाला आणि डिस्क फिरली तर प्रश्न मिटला. कॉम्प्युटर चालूच होत नसेल, बटण दाबताच एसएमपीएस झटकन बंद पडत असेल, तर डिस्कच्या हिरव्या बोर्डावरचा टीव्हीएस डायोड शॉर्ट झालाय. पॉवर कनेक्टरजवळ असे दोन काळे चौकोनी डायोड असतात, एक 5 व्होल्टच्या वाटेवर, एक 12 च्या. जादा दाब आला की स्वतः शॉर्ट होऊन पुढचा बोर्ड वाचवायचा, एवढंच त्यांचं काम. मोबाइल दुरुस्ती करणारा चांगला कारागीर मल्टिमीटरने शॉर्ट झालेला डायोड ओळखून तो काढून टाकू शकतो. त्याशिवाय डिस्क चालते, पण आता ढाल गेलेली असते. खात्रीच्या एसएमपीएसवर लावून लगेच सगळं कॉपी करा आणि ती डिस्क निवृत्त करा.

डायोड चांगले असतील आणि बोर्डावरची दुसरी चिप जळली असेल तर ‘सेम मॉडेलचा बोर्ड आणून लावतो’ या बोलण्याला भुलू नका. त्या डिस्कचं स्वतःचं जुळणीचं माप बोर्डावरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये असतं. ती चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते, नाहीतर डिस्क फिरते पण ओळख देत नाही. काही 2.5 इंची पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट बोर्डावरच असतं आणि डेटा बोर्डाच्या पातळीवर एन्क्रिप्ट होतो. तिथे खोकं सोलून सॅटा शोधायला गेलात तर ती सापडणारच नाही.

प्रश्न: सी5 समोर 90 होते. दुकानदाराने ‘लो लेव्हल फॉरमॅट’ करून दिलं, आता शून्य आहे, निळ्या रंगात ‘गुड’ दिसतं. वापरू का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: त्याने सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली, एवढंच. लिहायची वेळ आली तेव्हा ताटकळलेल्या 90 जागांचा निकाल लागला: काही लिहिल्या गेल्या, काही बाद होऊन राखीव सेक्टरांत गेल्या. 05 चा आकडा आधीच्या आकड्याशी ताडून पाहा. तो वाढला असेल तर तबकडीची जागाच खराब आहे. नसेल वाढला तर लिहिताना वीज गेल्यामुळे सेक्टर अर्धवट राहिले असण्याची शक्यता आहे, आणि डिस्क ठीक असू शकते. डिस्कच्या स्वतःच्या तपासणी यंत्रणेची, म्हणजे स्मार्टची लाँग टेस्ट चालवा; 1 टीबीला दोन-तीन तास लागतात. महिनाभर दर आठवड्याला 05, सी5, सी6 लिहून ठेवा. एकही सरकला तर चित्रपट ठेवायलाही ती डिस्क नको. हे सगळं धरूनही आम्ही तिच्यावर घरातली एकमेव प्रत ठेवणार नाही.

प्रश्न: आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. डिस्क त्याने खराब होते का? (कळवा)

उत्तर: वीज गेल्यावर फिरत्या तबकडीच्या उरलेल्या गतीवर हेड घाईने पार्क केलं जातं; सी0चा आकडा त्याचाच. डिस्क हे काही हजार वेळा सोसते, पण त्या क्षणी लिहिली जाणारी फाइल सोसत नाही. 600 व्हीएचा यूपीएस घरच्या डेस्कटॉपला पुरतो. आतली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि ती मेलीये हे वीज जाईपर्यंत कळत नाही. तीन-चार महिन्यांनी एकदा सगळ्या फाइली बंद करून यूपीएसचा प्लग काढून पाहा. प्रिंटर त्यावर लावू नका.

प्रश्न: मेलेली डिस्क भंगारवाल्याला देऊ का? तिच्यात बँकेची आणि पॅनची कागदपत्रं होती. पुसायला ती चालूच होत नाही. (खारघर)

उत्तर: चालत नाही म्हणजे वाचता येणार नाही असं नव्हे, बोर्ड किंवा हेड दुरुस्त करून जाणकार माणूस ती वाचू शकतो. 3.5 इंची डिस्कच्या तबकड्या बहुतेक ॲल्युमिनियमच्या असतात, लेबलच्या बाजूने तीन-चार आरपार भोकं ड्रिलने पाडली की काम झालं. लॅपटॉपच्या 2.5 इंचीत पुष्कळदा काच असते, ती फुटून उडते. जाड कापडात गुंडाळा, चष्मा लावा, मग हातोडा. एसएसडी असेल तर तबकडी नाहीच, आतल्या प्रत्येक काळ्या मेमरी चिपचे तुकडे करावे लागतील. उरलेलं भंगार ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संकलन केंद्राकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात नको.